जोडणी-बाई

लक्ष्मीपुरीत, अठ्ठ्याऐंशी साली,
शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला आलेला
सिनेमा कंपनीचा एक हजेरीपट
मी वजनावर विकत घेतला.
दुकानदारानं वर मूठभर शेंगदाणे दिले,
त्याला वाटलं, माझं काहीतरी बिनसलंय.

साल चौतीस. शाई तपकिरी पडलेली.
दिग्दर्शक, छायालेखक, पेटीवाला,
दाढ्यामिशा चिकटवणारा,
घोड्याचा खरारा करणारा,
खुद्द घोडा: नाव सर्जा, चंदी दोन शेर.
आणि तळाशी, समासाला टेकून,
जोडणी-बाई. एक. रुपये नऊ.

पुढे अंगठा.
दर महिन्याला तोच, पण पुरता कधीच न उमटलेला.
रेषा झिजून गेलेल्या, मधोमध एक तिरकी चीर.

तो अंगठा घेऊन मी पेठापेठांतून फिरले.
शनिवार पेठेत कृष्णात सुतार भेटले,
तेव्हा कंपनीत चहा पोचवणारं पोर,
आता दाराशी बसून ऊन खाणारे.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी कागद नाकाशी धरला.
"ही बाळाक्का की. बुरूड गल्लीतली.
काड्या सोलून सोलून बोटं अशी झालेली,
केसाचे दोन केले असते तिनं.
सायेब म्हणाले, हिला आत घ्या."

आत म्हणजे अंधारात.
एक तांबडा दिवा, तोही फडक्यानं झाकलेला.
पट्टीची चित्राची बाजू कुठली, पाठ कुठली,
तिथं डोळ्यांना कळायचं नाही.
बाळाक्का कड ओठाला लावायची.
चिकटली तर चित्र,
घसरली तर पाठ.
मग पात्यानं नखाएवढं खरवडायचं,
थेंबभर डिंक, आणि वीस मोजेपर्यंत दाब.
त्या डिंकाला पिकल्या केळ्याचा वास.
पुढं जन्मात तिनं केळं खाल्लं नाही.

म्हणजे त्या सगळ्या राण्या, ते फितूर सरदार,
रंकाळ्याच्या काठानं उधळलेला सर्जासुद्धा
तिच्या ओठाला लागूनच
पडद्यावर गेला.

एकदा मात्र तिनं सांगितल्याहून आधी कापलं.
राणीचं पोर गेलेलं. राणी रडणार, दोन मिनिटं,
तशी वहीत खूण होती.
पण राणीचा चेहरा मोडायला लागला
आणि पट्टी निघून गेली रिकाम्या पाळण्याकडं.
पहिल्या खेळाला पिटातला माणूस
तोंडातलं पान चावायचा थांबला.
दुसऱ्या दिवशी सायेब तणतणत आत आले,
कुणी कापलं हे?
बाळाक्का डोकं वर न करता म्हणाली,
"तिला एकटीला रडू द्या की वो."

पेपरात छापून आलं:
दिग्दर्शकाचा संयम वाखाणण्याजोगा.
कृष्णातमामांनी ते कात्रण
कितीतरी वर्षं भिंतीला लावलं होतं.
कुणाचं म्हणून लावलं होतं, ते त्यांनाच माहीत.

मग कंपनी बसली.
डबे ढिगानं विकले, मणावर.
पट्ट्या धुतल्या, चांदी खरवडून काढली,
उरलेलं बांगड्यांच्या कारखान्यात गेलं.
त्या वर्षी महाद्वारात
पिवळट, पारदर्शक, हलक्याफुल नव्या बांगड्या आल्या.
चुलीपाशी घालू नका, असं कासार प्रत्येकीला बजावायचा.
बायका घासाघीस करत होत्या,
सहा आण्याला डझन, पाच आण्याला.
त्या गर्दीत बाळाक्कानं एक बांगडी उचलली
आणि सगळ्यांदेखत ओठाला लावली.

घसरली.

ठेवून दिली परत, कासाराला काही बोलली नाही.
बुरूड गल्लीत जाऊन सुपं विणायला बसली.
पुढचं कृष्णातमामांना माहीत नाही,
प्लेगात गेली म्हणतात, कुणी म्हणतं निपाणीला लेकीकडं.

निघताना मी विचारलं, मामा, तिचं आडनाव?
लिहून ठेवीन म्हणते.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
बराच वेळ गल्लीच्या टोकाकडं बघितलं.
"आडनाव..." ते म्हणाले.
"त्या घोड्याचं नाव सर्जा होतं बघ."