शेवटची पायरी

उत्तमनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्याला
बावीस पायऱ्या.
ओजस एकवीस उतरतो, बाविसावीवरून उडी मारतो.
धप्प.
खालच्या भामरेकाकू रोज ओरडतात.
तो रोज मारतो.

त्या गुरुवारी धप्प आलं नाही.

तिसरी पाळी करून मी नुकताच आडवा झालो होतो,
अंगाला अजून कूलंटचा वास.
सुवर्णा पोळी लाटता लाटता थांबली.
म्हणाली, "ऐकलंस?"
म्हटलं, काय?
"तेच तर. काहीच ऐकू आलं नाही."

व्हॅनवाल्याला तिने खिडकीतूनच हात केला, तू जा.
ओजसला वर बोलावलं.
पोट दुखतंय? नाही.
डोकं? नाही.
थर्मामीटर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.
दूध प्यायला, अर्धाच कप, पण प्यायला.
मी म्हणालो, पोरगं बरं आहे, झोपू दे मला.

हेही सांगायला हवं, की ती आधी चुकलेली आहे.
दोनदा.
एकदा तर रात्री एक वाजता, याचे डोळे वेगळेच दिसतात म्हणून
द्वारकेपर्यंत रिक्षा,
आणि हा तिथल्या बाकावर बसून
दुसऱ्या पेशंटची बिस्किटं खात होता.
तिथला डॉक्टर हसला होता.
ते हसू मी जपून ठेवलं होतं, वेळेला काढायला.

माझं काम सातपूरला, बेअरिंगच्या रिंगा तपासायच्या.
गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे,
दुसरं जाता कामा नये. झालं, पास.
पण सोळा वर्षांत कधीमधी असं होतं,
की गेज म्हणतं पास
आणि आतल्या कडेवर फिरता फिरता अंगठा अडतो.
भिंग लावलं तरी तिथे काही दिसत नाही.
आहेरसाहेब विचारतात, कारण काय लिहू?
मी म्हणतो, बाजूला ठेवा, कारण मागून बघू.

हे मला त्या सकाळी आठवलं नाही.
आठवलं असतं तर सांगायला बरं झालं असतं.
मी कूस बदलली.

स्कूटर तिनेच काढली.
एरवी पुढे उभा राहणारा, आज गुपचूप मागे बसला.
पाथर्डी फाट्यापर्यंत
प्रत्येक गतिरोधकाला त्याची बोटं तिच्या कमरेत रुतली.
गतिरोधक अकरा. तिने मोजले.

डॉक्टर बाफणांनी पोट दाबलं. दुखतंय? नाही.
इंजेक्शनच्या ट्रेकडे बघत नाही.
त्यांनी गॅसचं औषध लिहायला घेतलं.
तेव्हा सुवर्णा म्हणाली,
याला एक उडी मारायला सांगा.

तो उभा राहिला.
आईकडे बघितलं.
मारली नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

फोन वाजला तेव्हा मी झोपेत रिंगा मोजत होतो.
"अपेंडिक्स. फुटायच्या बेतात आहे म्हणतात. चारला आत घेणार.
येताना त्याची निळी चादर आण."

ऑपरेशनच्या दाराबाहेर ती बसली होती,
नखांत सकाळची कणीक, वाळलेली.
मी वाट बघत होतो तिने एकदा बोलून टाकावं म्हणून.
बोलली नाही.
खूप वेळाने म्हणाली,
"मला काही कळलं-बिळलं नव्हतं रे.
आवाज आला नाही, एवढंच."

नातेवाईक येतात, म्हणतात, आईला आतून कळतं.
आतून!
दोन वर्षं, दिवसातून चारदा, बावीस पायऱ्या
हातातलं काम न सोडता कोणी ऐकत होतं,
हे कोणी म्हणत नाही.
मीही त्याच घरात होतो.
मला फक्त भामरेकाकू ऐकू यायच्या.

टाके निघाले. महिनाभर उड्या बंद.
आता मी पडल्या पडल्या मोजतो,
एकोणीस, वीस, एकवीस,
मग तो जरासा थांबतो,
आणि स्वयंपाकघरात लाटणंही.
बावीस, पाय टेकवून, हळू.

काल पाळीवरून येताना
भामरेकाकू दारात उभ्या होत्या, हातात दुधाची पिशवी.
इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं,
"अजून किती दिवस उडी नाही मारायची त्याने?"