गटात न बसणारी आकृती

पाटोळे सरांचा फोन आला तेव्हा
मी एका नवरदेवाच्या गालावरचा डाग पुसत होतो.
"दहा बाय सहा. सत्तावीस फोटो.
सातच्या आत स्टँडच्या चौकात पाहिजे."
मग फोटो यायला लागले, टिंग टिंग टिंग,
आणि मी मोजत बसलो,
म्हटलं, सर घाईत असतात, एखादा आकडा चुकतो माणसाचा.

चुकला नव्हता.

दोन वर्षं स्वरांजली पहाटे पाचला उठली.
आईची बेदाणा निवडायची पाळी आठला,
म्हणून दोघी एकाच बल्बखाली:
ही उत्तरपत्रिकेतले गोल काळे करणार,
ती परातीत गोल थापणार,
आणि मी अंथरुणात पडून ऐकणार,
"खालीलपैकी गटात न बसणारी आकृती ओळखा."
तीन बाण वर, एक खाली.
तासगावात एवढी पाखरं ओरडतात पहाटे,
मला त्या बाणाशिवाय काही आठवत नाही.

परीक्षेच्या सकाळी ती न्हाणीत ओकली.
तोंड धुतलं, आणि म्हणाली,
"पेनं दोन घेतल्यात."

सरांच्या अंदाजानं सव्वा गुण कमी पडला.
म्हणजे एक प्रश्न. म्हणजे एक गोल.
सव्वा रुपया तर आपण नारळाशेजारी ठेवतो
आणि मागं वळून बघत नाही.
तिची आई काही बोलली नाही.
त्या रात्री ताटातल्या शेंगदाण्यांचे
तिच्या बोटांनी आपोआप दोन ढीग केले,
टपोरे इकडं, बारके तिकडं.
मग तिचं लक्ष गेलं,
तिनं ते पुन्हा एकात एक मिसळले.

सातच्या चार ओळी आखल्या मी.
सत्तावीस भरले. शेवटची चौकट राहिली.
आता कसं सांगू,
तिचा फोटो तयारच होता माझ्याकडं,
निकालाच्या महिनाभर आधी कापून ठेवलेला,
दोन वेण्या, कानामागची एकेक बट सोडवून,
दीड तास लागला होता.
नाव लांब, चौकटीत मावेना,
म्हणून अक्षर बारीक करून पाहिलं होतं.

आणून ठेवला तिथं.
चहावर साय धरेपर्यंत बघितला.
बाहेर चपला वाजल्या तसा
कंट्रोल झेड.

ती डबा घेऊन आली, स्टूल ओढलं,
नेहमीसारखं माझं वाचायला लागली.
दुकानातल्या चुका तीच काढते, तिसरीपासून.
"गुणवत्ता चुकलंय, बाबा.
त ला त पाहिजे."
दिला त ला त.
"आणि हितं मोकळं का?"
"बघू की. गुलाब टाकू एखादा."
ती पडद्याकडं बघत राहिली,
प्रश्न बघताना बघायची तशी,
ओठ थोडे हलवत.
"कशाला गुलाब? तीनच ओळी करा.
नव त्रिक सत्तावीस.
कुणाचीच जागा उरत न्हाई."

घड्याळ लावलं असतं तर दोन सेकंद.

केल्या तीन ओळी.
अगदी नीट बसलं सगळं,
चेहरेसुद्धा मोठे झाले जरा.

सातला चौकात शिडी लावली.
मागच्या वर्षीचा सोडवला, गुंडाळला.
"ह्यो कुठं जातो?"
"बेदाण्याच्या शेडवर. सावलीला."
"तोंडं वर करून का खाली?"
मी कधी बघितलंच नव्हतं.
"खाली असतील," ती म्हणाली,
"न्हाईतर उन्हानं डोळं दिपतील त्यांचं."

मग रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहिली,
एसटी गेली मधून, दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली,
दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली,
"डावीकडनं दोन बोटं खाली घ्या!"

घेतलं.

"अजून एक!"