फेज किती?

वाशीत सेक्टर सतरामध्ये, काचेच्या कपाटात
चौदा हजार पाचशेचा मदरबोर्ड,
कडेने जांभळा, मग हिरवा, मग पुन्हा जांभळा.
माझं बजेट नऊ हजार.
पर्समध्ये साडेनऊ होते,
पण रिक्षा, आणि बाबांच्या गोळ्या.

बाबा सोबत आले ते उगाच.
महावितरणमधून रिटायर झालेल्या माणसाला
दुपारी घरात बसवत नाही.

हेमलभाई म्हणाला, हा घ्या ताई,
डोळे मिटून ओव्हरक्लॉक करा.
डोळे मिटून?
तीन आठवडे रात्र रात्र मी डोळे फोडतेय:
कुठल्या चिपसेटला कुलूप, कुठला मोकळा.
स्वस्तातला 'ए' येतो पाच हजारांत,
पण तो प्रोसेसरच्या वेगाला हात लावू देत नाही.
'बी' चालेल.
फक्त करंट पुरवणारा भाग धड हवा,
बाकी सगळं नटणं.

तेवढ्यात बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि विचारलं,
"फेज किती?"

हेमलभाई हसला. मी नाही हसले.
अख्ख्या दुकानातला एकमेव कामाचा प्रश्न
त्यांनी विचारला होता,
तोही विजेच्या खांबाकडे बघून विचारावा तसा.

"आठ, अंकल."
चार, मी म्हटलं. चाराचे आठ करून दाखवलेत.
"हां," बाबा म्हणाले,
"म्हणजे एकाच डीपीवर दोन चाळी."

मग त्यांनी नखाने हीटसिंक वाजवला.
पोकळ.
"झाकण आहे हे. वर रंग, आत हवा.
गरमी काढायची तर जाड पत्रा लागतो, कंगोरे असलेला,
ट्रान्सफॉर्मरला असतो तसा. दिसायला वाईटच."

दिसायला वाईट तो खालच्या खणात होता.
खोक्याचा कोपरा चेपलेला,
दिवे नाहीत, वायफाय नाही,
मागे पोर्ट मोजून सहा.
आठ हजार सातशे. घासाघीस करून आठ तीनशे,
बिलासकट, तीन वर्षांची वॉरंटी.
वरच्या पैशांत एक पंखा,
आणि स्टेशनबाहेर दोन उसाचे रस, बिनबर्फाचे.

घणसोलीत आमच्या खोलीत
रात्री अकराला चार पॉइंट दोन लावलं.
सात मिनिटं चाललं. मग स्क्रीन काळी.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवून
सगळं विसरायला लावलं त्याला,
पुन्हा चार पॉइंट दोन, व्होल्टेज थोडं वर.
चाळीस मिनिटं. काळी.
व्होल्टेज आणखी वर नेणार,
तर बाबा अंथरुणातून उठले,
उघड्या केसमध्ये हात घातला,
पालथा. तळवा कधीच लावायचा नाही,
हे त्यांनी मला सायकल शिकवायच्या आधी शिकवलंय.

"ओरडतंय ते," म्हणाले. "उतर खाली."
मेमध्ये संध्याकाळी ऐरोलीतले सगळे एसी
एकदम सुरू व्हायचे, तेव्हा फीडरला हात न लावता
नुसत्या आवाजावरून कळायचं म्हणे
किती वेळ उरलाय ते.

चार पॉइंट एक.
पंखा घुमत राहिला. स्क्रीन पांढरी राहिली.
खारघरच्या सावंतबाईंचं मॉड्युलर किचन
चौकोना-चौकोनाने उजळत गेलं:
आधी सिंक, मग चिमणी, मग त्यांना हवी असलेली
ती निळी टाइल.

एरवी नऊ तास लागायचे.
आठ तास दहा मिनिटांत झालं.
पन्नास मिनिटं वाचली.
त्यांचं काय करायचं ते आम्हाला सुचलं नाही,
बाबांनी चहा टाकला,
मी खिडकीत बसून समोरच्या गच्चीवरची
टाकी भरून वाहताना बघितली,
कोणीच बंद करत नव्हतं.

साडेआठला सावंतबाईंचा मेसेज:
छान झालंय हं.
फक्त टाइल जरा हिरवी करून बघू या का?

बाबांनी पालथा हात पुन्हा केसमध्ये घातला.
"लाव," म्हणाले. "थंड आहे अजून."