अकराव्या होलवरचा मोह

मँगनीजच्या साहेबांनी कधीकाळी आखलेलं मैदान.
हिरवळ स्पर्धेपुरती,
टँकरच्या पाण्यावर.

यंदा देशभरचे हौशी खेळाडू डोंगरटोल्याला आले.
हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारे,
सेक्रेटरी मोहरील साहेबांनी समजावलं.
मी बॅग उचलली.
रोजचे चारशे, जेवण क्लबचं.

आठवडाभर वेचणाऱ्या बायांना बंदी.
झाडं कुठली ऐकतात?
रात्रभर टपटप,
पहाटे अकराव्या होलपाशी नुसता सडा,
आणि दुपारपर्यंत त्याचा आंबूस वास.

शेवटच्या दिवशी
माझ्या पोराचा चेंडू नेमका मोहाखाली.
पोरगं पुण्याचं, एकोणीस वर्षांचं, सगळ्यांच्या पुढं.
गुडघ्यावर बसून एकेक फूल उचलत होतं,
झोपलेल्या बाळावरची माशी हाकलावी तसं.

सातवं फूल.
चेंडू हलला.
राईएवढा.
पंच लांब, लोक दोरीपल्याड.
मी पाहिलं,
आणि डोंगराकडं बघू लागलो.

पोरानं हात वर केला.
"हलला," म्हणालं.

एका फटक्यानं हरलं शेवटी.
कप दिल्लीच्या गाडीत बसून गेला.
मला जाताना त्यानं स्वतःची टोपी दिली,
ती मला घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी दोरी सुटली.
फुलवंता उईके अंधारातच आली,
सडलेलं वेगळं, ताजं वेगळं.
उन्हं वर आल्यावर वजनाला बसली.
तराजूवाला पाठ करून बिडी पेटवत होता.
तिनं टोपलीत हात घातला,
चार तोळ्यांचा चेंडू काढून
माझ्याकडं फेकला.

"हे तुमचं.
मोज आता, बाप्पा."