नवं कारण

कुशिरोत धुकं बंदरावरून वर चढतं
आणि दुकानांच्या पाट्या एकेक करून पुसत जातं.
कोपऱ्यावरच्या गेमखान्याचा पिवळा दिवा तेवढा उरतो,
कुणी हळदीचं बोट टेकवल्यासारखा.

मासे निवडायची पाळी संपली की मी तिथं जाते.
कितीही धुतले तरी हातांना सान्माचा वास,
खिशात शंभर येनची सात नाणी.
सातच. आठवं परतीच्या बसचं.

इथं यंत्रं पाठीला पाठ लावून बसवलेली.
ज्याच्याशी लढायचं त्याचा चेहरा दिसत नाही.
दिसतात फक्त बूट, खालच्या फटीतून:
तपकिरी, झिजलेले,
डाव्याची नाडी कायम सुटलेली.

पहिला हिवाळा मी त्या बुटांशी हरत राहिले.
काठी सैल होती.
झोप झाली नव्हती.
त्याचा पैलवान मुळातच जबर,
माझी पोरगी काटकुळी.
घरी जाताना अशी कारणं खूप सुचायची,
बस येईपर्यंत पुरायची.

मग एक वही केली.
पेट्यांच्या हिशोबाचीच, पण उलट्या बाजूनं.
हरले की एक ओळ.
उडी मारली, त्यानं हवेतच टिपलं.
उडी मारली, त्यानं हवेतच टिपलं.
अकरा पानांवर एकच वाक्य,
आणि अक्षर माझंच,
नाकारायची सोय नाही.

तेव्हा घरी न उडण्याचा सराव सुरू केला.
करण्याचा सराव दिसतो तरी,
न करण्याचा कसा दिसणार?
काठीवर हात ठेवून वीस मिनिटं मी नुसती उभी,
पडद्यावरची पोरगीही उभी, श्वास घेत.
शुन्पेई दारातून डोकावला, म्हणाला,
ताई, बंद पडलंय का?

मार्चमध्ये बर्फ काळा पडला तोवर
उडी सुटली होती.
मी तरीही हरतच होते,
फक्त जरा उशिरा.

एका रात्री ते बूट उठले,
यंत्राला वळसा घालून माझ्याकडे आले.
वर साठीचा एक माणूस होता,
गोदीवर क्रेन चालवणारा, उराकावा नावाचा.
हातातला कॉफीचा डबा न उघडताच म्हणाला,
तुम्ही पडलात की उठता उठता हात चालवता.
दर वेळी.
मी काहीच करत नाही, नुसता वाट बघतो.

मला का सांगताय, मी विचारलं.
त्यानं आधी नाडी बघितली, मग धुकं.
पलीकडे कुणीतरी हवं ना, म्हणाला,
आणि नाडी न बांधताच परत गेला.

शेवटचं नाणं.
पोरगी पडली.
बोटं शिवशिवली,
इतकी, की मनगटापर्यंत कळ गेली.
पडलेल्यानं लगेच उठून मारावं,
हे मला कुणी शिकवलं होतं?
कुणीच नाही. बोटांनीच आपापसात ठरवलेलं.

नाही दाबलं.
सेकंदाचे साठ तुकडे, त्यातले चार-पाच,
एरवी जे माशाच्या खवल्यांसारखे निसटून जायचे,
ते त्या दिवशी तळहातावर थांबले.
एवढी जागा होती इथं?
एवढी जागा रोज होती?

फटीतून मी पाहिलं,
डावा बूट बोटभर मागे सरकला.

त्याच्या पैलवानाचा हात हवेतच गेला.
मी मारलं, पुन्हा मारलं,
त्याची पट्टी पहिल्यांदा लाल झाली,
आणि माझ्या कानांत समुद्रच भरला.
मग मी नुसतीच अडवत राहिले,
शहाण्यासारखी, हात छातीशी घेऊन,
तर तो सरळ चालत आला
आणि मला उचलून आपटलं.

उचलूनही आपटतात.
हे मला माहीतच नव्हतं.
आजवर त्याला तशी गरजच पडली नव्हती.

बसमध्ये खिडकी धुक्यानं पांढरी.
गुडघ्यावर वही, खड्ड्यांतून हलणारं पेन.
लिहिलं: अडवत बसले, त्यानं उचललं.
मागची पानं चाळून पाहिली, दोनदा.
ही ओळ आधी कुठंच नव्हती.

शेजारच्या आजींनी वास आला म्हणून मान वळवली
आणि मला हसताना बघून
आपली पिशवी जरा जवळ ओढली.