वीस किलो, अधिक उडी

आर्वी रोडच्या जिनिंगमध्ये
ग्रेडिंगच्या खोलीला एसी बसला मार्चात
आणि एप्रिलात बंद पडला.
बाहेरच्या मशीनच्या पाठीवर
रुईची तुसं गादीसारखी जमली होती.
वरच्या पत्र्याला वान्नरांनी पोचे पाडलेले,
एकानं तर वायरीचं आवरण सोलून
संत्र्याच्या सालीसारखं खाली टाकलेलं.
भाकरे मुनीम म्हणाले,
‘घर बांध याच्यासाठी. पण श्वास घेता आला पायजे त्याले.’

आजवर मी गेटं केली, खिडक्यांच्या ग्रिल,
बंडीची लोखंडी साटी,
स्मशानभूमीचं एक शेड.
श्वास घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी
हे पहिलंच काम.

पहिली पेटी देखणी झाली.
अठरा गेजचा पत्रा, पट्ट्या इतक्या दाट
की करंगळी शिरू नये.
दुपारी दोनला, सेहेचाळीसच्या उन्हात,
मशीन बारा मिनिटं चाललं
आणि आपलीच वाफ गिळून थांबलं.
मुनीम काही बोलले नाहीत.
पान लावत राहिले.

रात्री वही घेऊन बसलो.
पुढून सोडतं, मागून घेतं,
एवढं तरी आधी कळायला हवं होतं.
चुलीचा धूर आणि पाण्याचा माठ
एका कोनाड्यात कोण ठेवतं?

नंदा कुमरे, जी माझ्याकडे ग्राइंडर चालवते,
सकाळी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
‘आमच्या गोठ्याचा कूड पाहा ना भाऊ.
तुराट्या उभ्या, मधात फट.
लिपतो आम्ही पश्चिमेकडूनच फक्त.
बाकी तीन बाजूनं गाय हवा खाते.’

मग जुन्या लग्नपत्रिका कापल्या.
पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पुठ्ठ्याचं छप्पर,
आत उदबत्ती, मागून टेबल फॅन.
पंचेचाळीस अंशाला धूर जमिनीवर आपटून
मागच्या दारानं परत आत.
तीसला थोडा कमी.
वीसला मात्र सरळ निघाला
समोरच्या बाभळीकडे.
पाऊस तिरका आला तर चार थेंब येतील.
येऊ देत. बाहेरच राहायला बनलंय ते मशीन.

पट्ट्यांमध्ये चार बोटं फट.
पाठीमागे वीतभर मोकळं.
दोन्हींच्या मध्ये पत्र्याचा आडपडदा,
सोडलेलं घेतलेल्यात मिसळू नये म्हणून.
तुसासाठी जाळी, सरकवून निघणारी,
आणि दारावर पेंटनं मोठ्या अक्षरात
‘दर शनिवारी झाडा’,
कारण कागद कोणी वाचत नाही.

छपराला उतार दिला वान्नरांसाठी.
दुसऱ्या दिवशी त्यांची पिल्लं
घसरगुंडी खेळत होती.
तेव्हा त्यांच्याशी भांडणं सोडलं,
छपराखाली दोन अँगल वाढवले
आणि वहीत लिहिलं:
वान्नर, वीस किलो, अधिक उडी.

‘उडीचे पैसे कायचे?’ मुनीम बिलावर बोट ठेवून.
म्हटलं, ‘बसल्याचे लावलेच नाहीत,
उडीचेच लावले.’
हसले. दोनशे कापलेच.

आता बँकेची पेटी झाली,
दवाखान्यात लसीच्या खोलीची झाली,
बियाण्याच्या गोदामाच्या दोन
रंग वाळायच्या आहेत.
थंड बाजू मी अजून नीट पाहिलेली नाही.
ग्रेडिंगच्या खोलीत जोडे काढून जावं लागतं,
आणि माझं काम नेहमी भिंतीच्या अलीकडे,
जिथे आतल्यांची गरमी
अंगावर येऊन पडते.
तळहात पुढे धरून मी ती मोजतो.
जोरात आली की पेटी पास.

ती पहिली, करंगळी न शिरणारी,
दुकानातच आहे अजून.
नंदा तिच्यात डबा ठेवते.
मांजर पोचत नाही.
ठेच्याचा वास तेवढा पोचतो,
साडेबारापासूनच.