वरचं भरलेलं, खालचं रिकामं

बिंगलीला कालवा पायऱ्या चढतो.
पाच टाकी एकाला एक चिकटून,
वरच्याचं खालचं दार तेच खालच्याचं वरचं.
बोट चढवायची तर तळचं टाकं रिकामं हवं
आणि वरची चारही काठोकाठ.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,
हे ॲक्रॉइडला समजावलं तर म्हणाला,
बरंय, मग तुम्हाला शिकवायला नको.

मी शनिवारी लीड्सहून यायचे.
वहीत स्थितींचे गोल, घटनांचे बाण:
झडप वर, झडप खाली, बोट आत.
बत्तीस स्थिती, बहुतेकांवर लाल काट.
माझ्या प्रमेयातला नियंत्रक काहीच घडवत नाही,
फक्त काही गोष्टी घडू देत नाही.
पावसाला, गंजाला, बदकांना
त्याची मनाई लागू नाही.

"तुमचं नेमकं काम काय?"
"नाही म्हणणं. दिवसातून चाळीसदा. चहा घेणार?"

एकदा त्यानं दांडा माझ्या हातात दिला.
झडप उचलली, पाणी उकळी फुटल्यागत आलं.
मग दाराला पाठ लावून रेटत राहिले,
हलेना.
"अजून बोटभर फरक आहे."
दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं
आणि दार, म्हैस कूस बदलते तसं,
सावकाश सरकलं.
समीकरणात ही अट मी लिहिली होतीच.
पाठीला माहीत नव्हती.

ऑक्टोबरात, बंद झाल्यावर, साडेपाचला
खालून एक हिरवी बोट आली, रंग उडालेली.
सुकाणूवर सत्तरीची बाई.
आत कुणीतरी खोकत होतं, थांबत नव्हतं.
फळ्यावर ॲक्रॉइडच्याच अक्षरात:
पाणी कमी आहे. शेवटची बोट तीनला.
त्यानं फळा पाहिला. पाणी पाहिलं.
बाईनं काही मागितलंसुद्धा नाही.
त्यानं खिशातून कुलपाची किल्ली काढली.

माझ्या आलेखात असा बाण नव्हता.

दीड तास लागला. टॉर्च मी धरला.
पाचव्या टाक्यातून बोट बाहेर पडली तेव्हा
बाईनं हात केला, बहुतेक. अंधार होता.

पुढच्या शनिवारी त्याची नोंदवही चाळली.
रविवार, सकाळी आठ.
तळचं टाकं: रात्री रिकामं, सकाळी भरलेलं.
कारण: गळती.
शाईनं, खाली सही.

चौथ्या प्रकरणात आता एक तुटक बाण आहे.
गाईडनं चष्मा वर करून विचारलं,
ही कुठली घटना?

गळती, मी म्हणाले.